आपलेपणाच्या भावनेचे मापन : संकल्पना, मापनश्रेणी आणि मर्यादा

सारांश

एखाद्या समूहात वा संस्थेत आपल्याला स्थान आहे, आपली दखल घेतली जाते आणि आपण तेथे विजोड नाही, या अनुभवास मानसशास्त्रात आपलेपणाची भावना म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या भावनेच्या मापनासाठी विकसित झालेल्या प्रमुख श्रेणींचा परिचय करून दिला आहे. या श्रेणी नेमके काय मोजतात, त्या मराठीत आणताना कोणत्या अडचणी उद्भवतात आणि महाविद्यालयाने अशा मापनाचा अर्थ कसा लावावा, याचीही चर्चा केली आहे. आपलेपणाचा प्राप्तांक हा केवळ विद्यार्थ्याच्या स्वभावाचा निदर्शक नसून संस्थेच्या वर्तनाचाही निदर्शक आहे, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : आपलेपणाची भावना, मापनश्रेणी, विश्वसनीयता, सप्रमाणता, भाषांतर, उच्च शिक्षण

१. प्रस्तावना

महाविद्यालय सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद हजेरीपटावर होते. तथापि प्रत्यक्ष सोडून जाण्यापूर्वी कित्येक आठवडे तो मनाने संस्थेबाहेर गेलेला असतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली विद्यार्थी-गळतीविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा हाच होता. विद्यार्थी केवळ बौद्धिक कुवतीअभावी शिक्षण सोडतो असे नाही; संस्थेच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनाशी त्याचे एकात्मीकरण झाले नाही, तरीही तो बाहेर पडतो. या मांडणीसाठी टिंटो यांनी एमिल दुरखीम यांच्या १८९७ सालच्या आत्महत्याविषयक ग्रंथातील विचाराचा आधार घेतला होता, ही बाब लक्षणीय आहे. समाजाशी असलेले बंध सैल होणे ही व्यक्तीच्या दृष्टीने किती गंभीर घटना असते, याची जाणीव या विषयाच्या उगमापासूनच अभ्यासकांना होती.

अलीकडच्या काळात महाविद्यालयांमध्ये प्रश्नावल्यांची संख्या वाढली आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ सालच्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा अंतर्भाव झाल्यापासून विद्यार्थ्याला काय वाटते हे आकड्यांत मांडण्याची सवय आपल्या संस्थांना लागली. समाधान आणि आपलेपणा या मात्र भिन्न गोष्टी आहेत. अध्यापनाविषयी पूर्ण समाधानी असलेला विद्यार्थीही त्या संस्थेत स्वतःला परका समजत असू शकतो. म्हणून आपलेपणाचे मापन हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो.

२. संकल्पनेचा विकास

अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली मांडलेल्या गरजांच्या श्रेणीत शारीरिक गरजा व सुरक्षितता यांच्यानंतर प्रेम आणि आपलेपणा यांना तिसरे स्थान दिले. अध्यापक वर्गाला ही मांडणी सुपरिचित आहे. तथापि मास्लो यांनी या गरजेच्या मापनाचे साधन दिले नव्हते. तसेच ती पहिल्या दोन गरजांनंतरच जागी होते, हे त्यांचे गृहीतक पुढे वादग्रस्त ठरले.

१९९५ साली रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी एका विस्तृत लेखात आपलेपणाची गरज ही मानवाची मूलभूत प्रेरणा असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते या गरजेची पूर्ती होण्यासाठी दोन अटी आवश्यक असतात. पहिली अट म्हणजे काही व्यक्तींशी वारंवार व सुखद संपर्क. दुसरी म्हणजे हा संपर्क परस्परांविषयीच्या टिकाऊ आस्थेच्या चौकटीत घडणे. दररोज भेटणारी पण आस्था नसलेली माणसे ही गरज भागवू शकत नाहीत. आस्था असलेली पण कधीही न भेटणारी माणसेही ती पूर्णपणे भागवू शकत नाहीत. वसतिगृहातील गर्दीत एकटा पडलेला विद्यार्थी आणि गावाकडे प्रेमळ कुटुंब असूनही शहरात एकाकी असलेला विद्यार्थी, या दोघांची स्थिती या दोन अटींच्या आधारे समजून घेता येते.

आपलेपणाची भावना मोजता यावी इतक्या नेमक्या शब्दांत तिची व्याख्या करण्याचे श्रेय मुख्यतः परिचर्याशास्त्रातील संशोधकांकडे जाते. बॉनी हॅगर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या भावनेचे दोन घटक निश्चित केले. आपला सहभाग मोलाचा मानला जातो, आपली गरज आहे, असा अनुभव हा पहिला घटक होय. आपली वैशिष्ट्ये त्या समूहाशी वा वातावरणाशी जुळतात, असा अनुभव हा दुसरा घटक होय. पहिल्यास मोलाचा सहभाग आणि दुसऱ्यास जुळणी असे म्हणता येईल. एखाद्या विद्यार्थिनीला स्नेहसंमेलनाच्या कामात सर्व जण बोलावतात, पण तेथील भाषा, पेहराव व विनोद तिला परके वाटतात. अशा वेळी पहिला घटक असतो, दुसरा नसतो. दोन्ही घटकांची ही स्वतंत्रता मापनाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.

३. गरज, भावना आणि एकाकीपणा

मापनाच्या चर्चेत तीन संकल्पनांची गल्लत वारंवार होताना दिसते; म्हणून त्यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिली संकल्पना आपलेपणाच्या गरजेची आहे. काही व्यक्तींना इतरांनी स्वीकारावे ही ओढ तीव्र असते, काहींना ती सौम्य असते. लिअरी व सहकाऱ्यांची दहा विधानांची श्रेणी ही ओढ मोजते. ती अनेक वर्षे वापरात होती आणि २०१३ साली तिच्या सप्रमाणतेविषयीचे सविस्तर संशोधन प्रसिद्ध झाले. या श्रेणीवरील उच्च प्राप्तांकाचा अर्थ त्या व्यक्तीस आपलेपणा लाभलेला नाही असा होत नाही. ज्याला भूक अधिक लागते तो उपाशीच असतो असे नाही, तसेच हे आहे.

दुसरी संकल्पना म्हणजे आपलेपणाची भावना, अर्थात ती गरज कितपत पूर्ण होत आहे याचा व्यक्तीला येणारा अनुभव. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

तिसरी संकल्पना एकाकीपणाची आहे. तिच्या मापनासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी १९७८ साली वीस विधानांची श्रेणी तयार केली. तिच्या सुधारित आवृत्त्या १९८० व १९९६ साली आल्या. एकाकीपणा प्रामुख्याने व्यक्ती-व्यक्तींमधील नात्यांच्या उणिवेशी निगडित असतो, तर आपलेपणा समूह, संस्था वा स्थान यांच्याशीही निगडित असतो. दोन जिवलग मित्र असलेला विद्यार्थी एकाकी नसेल. मात्र ते तिघेही संस्थेत स्वतःला परके समजत असतील. केवळ एकाकीपणाची श्रेणी वापरणाऱ्या संशोधकाला या तिघांची अवस्था दिसणारच नाही.

४. प्रमुख मापनश्रेणी

हॅगर्टी आणि कॅथलीन पॅटुस्की यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेले आपलेपणाच्या भावनेचे साधन एकूण २७ विधानांचे आहे. त्याचे दोन स्वतंत्र भाग असून त्यांचे गुणांकनही वेगवेगळे होते. अठरा विधानांचा पहिला भाग आपलेपणाची मानसिक अवस्था मोजतो. नऊ विधानांचा दुसरा भाग तिच्या पूर्वअटी, म्हणजे सामील होण्याची इच्छा व क्षमता, मोजतो. या साधनाची तपासणी तीन गटांवर करण्यात आली : सामुदायिक महाविद्यालयातील विद्यार्थी, तीव्र नैराश्यावर उपचार घेणाऱ्या व्यक्ती आणि रोमन कॅथलिक जोगिणी. परस्परांहून इतके भिन्न गट निवडण्यामागे एक तर्क असतो. समूहजीवन हाच ज्यांचा जीवनक्रम आहे अशा व्यक्ती आणि नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्ती यांच्यात जे साधन भेद करू शकत नाही, ते आपलेपणा मोजते असे म्हणता येणार नाही.

कॅरल गुडनाव यांनी १९९३ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या सदस्यत्वाची मानसिक जाणीव मोजणारी अठरा विधानांची श्रेणी तयार केली. शिक्षणक्षेत्रात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या श्रेणींत तिची गणना होते. या श्रेणीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात केवळ मित्रमंडळींविषयी प्रश्न नाहीत. आपण एखादी गोष्ट चांगली केली तर ती येथे कोणाच्या लक्षात येते का, शिक्षक आपल्या म्हणण्याला महत्त्व देतात का, अशा आशयाची विधानेही तिच्यात आहेत. शिक्षकाचे वर्तन हा आपलेपणाचा भाग मानणारी ही श्रेणी असल्यामुळे अध्यापकांनी तिची विशेष दखल घेणे योग्य ठरेल. पुढील काळातील घटक विश्लेषणांत मात्र या श्रेणीत एकाहून अधिक घटक आढळले. त्यामुळे अठरा विधानांची एकच बेरीज करणे कितपत उचित आहे, हा प्रश्न उपस्थित झाला.

केनेथ बोलेन आणि रिक हॉइल यांनी १९९० साली समूहाविषयीच्या एकसंधतेच्या जाणिवेची सहा विधानांची लहान श्रेणी मांडली. त्यांपैकी तीन विधाने आपलेपणाविषयी, तर तीन समूहाविषयीच्या उत्साहाविषयी आहेत. एखाद्या विशिष्ट समूहापुरताच प्रश्न मर्यादित ठेवायचा असेल तेव्हा ती उपयुक्त ठरते. याउलट मॅलोन, पिलो आणि उस्मान यांची २०१२ सालची बारा विधानांची श्रेणी कोणत्याही एका समूहाचे नाव न घेता सर्वसाधारण आपलेपणा मोजते. तिच्यात स्वीकार आणि नकार असे दोन घटक आहेत. स्वीकाराचा अभाव आणि प्रत्यक्ष नकार या दोन वेगळ्या घटना आहेत, ही या श्रेणीची महत्त्वाची शिकवण होय. वर्गात कोणीही न बोलणे आणि वर्गातून हेतुपुरस्सर वगळले जाणे यांची वेदना एकसारखी नसते. त्यांवरील उपायही एकसारखे नसतात.

५. प्रश्नावलीव्यतिरिक्त अन्य मार्ग

व्यक्तीला काय वाटते हे विचारण्याऐवजी समूह तिच्याशी कसा वागतो हे पाहण्याचा मार्ग प्रश्नावल्यांहून जुना आहे. जॅकोब मोरेनो यांनी न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या प्रशिक्षण संस्थेत समाजमितीचे तंत्र वापरले आणि १९३४ सालच्या ग्रंथात ते मांडले. कोणाबरोबर राहावयास आवडेल, असा प्रश्न प्रत्येक मुलीस विचारून त्यांनी परस्पर-निवडीचे आलेख काढले. जिची निवड कोणीही केली नाही अशी मुलगी या आलेखात तत्काळ दृष्टीस पडते. संस्थेतून पळून जाण्याच्या घटनांचे स्पष्टीकरणही मोरेनो यांनी या संबंधजालाच्या आधारे दिले. समाजमितीतील स्थान आणि आपलेपणाची भावना यांत मात्र तफावत असू शकते. अनेकांच्या पसंतीस उतरलेली व्यक्तीही स्वतःला परकी समजू शकते.

आर्थर अ‍ॅरन व सहकाऱ्यांनी १९९२ साली शब्दांचा आधारच जवळजवळ काढून टाकला. दोन वर्तुळांच्या सात जोड्या त्यांनी चित्रित केल्या. पहिल्या जोडीत वर्तुळे अलग असून पुढे ती क्रमशः अधिकाधिक एकमेकांत मिसळत जातात. एक वर्तुळ म्हणजे स्वतः आणि दुसरे म्हणजे समोरची व्यक्ती, असे मानून प्रतिसादकाने योग्य जोडी निवडावयाची असते. लिंडा ट्रॉप आणि स्टीफन राइट यांनी २००१ साली याच कल्पनेचा उपयोग व्यक्ती आणि समूह यांच्या नात्यासाठी केला. वाचनाचा सराव कमी असलेल्या किंवा भिन्न भाषा बोलणाऱ्या प्रतिसादकांसाठी हे साधन सोयीचे ठरते.

तिसरा मार्ग प्रयोगशाळेतील आहे. किपलिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली संगणकावरील चेंडूफेकीच्या खेळाचा उपयोग केला. आपण इतर खेळाडूंबरोबर खेळत आहोत असे सहभागी व्यक्तीस वाटते. वगळल्या गेलेल्या गटातील व्यक्तीकडे प्रारंभी एक-दोन वेळा चेंडू येतो आणि नंतर येईनासा होतो. इंटरनेटच्या माध्यमातून झालेल्या या पहिल्या अभ्यासात ६२ देशांतील १,४८६ व्यक्तींचा सहभाग होता. अनोळखी लोकांनी एका क्षुल्लक खेळात वगळल्यानेही आपलेपणाची भावना खालावते, असे त्यात आढळले. २००४ साली झालेल्या अभ्यासात तर इतर खेळाडू म्हणजे केवळ संगणकाचा कार्यक्रम आहे असे स्पष्ट सांगितल्यानंतरही हा परिणाम दिसून आला. वगळले जाण्याविषयी मानवी मन किती संवेदनशील असते, हे यावरून ध्यानात येते.

६. मापनातील काही तांत्रिक प्रश्न

विश्वसनीयतेचा पुरावा म्हणून ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा गुणांक देण्याची प्रथा आहे. आपल्याकडील अनेक प्रबंधांत हा गुणांक ०.७० हून अधिक आला की मापनाचा प्रश्न संपला असे मानले जाते. हे योग्य नाही. एकच विधान किंचित शब्दबदल करून दहा वेळा विचारले तरी अल्फा गुणांक उच्च येतो. विधाने परस्परांशी सुसंगत आहेत एवढेच तो सांगतो; ती आपलेपणाच मोजतात याची ग्वाही तो देत नाही. तो प्रश्न सप्रमाणतेचा आहे आणि त्याचे उत्तर स्वतंत्रपणे शोधावे लागते.

दुसरा प्रश्न विधानांच्या दिशेचा आहे. हॅगर्टी यांच्या साधनाच्या पहिल्या भागातील बहुतांश विधाने आपण कोठेही जुळत नाही, अशा नकारात्मक भाषेत आहेत. एकाकीपणाच्या १९७८ सालच्या श्रेणीतही सर्व विधाने एकाच दिशेची होती. १९८० च्या आवृत्तीत होकारात्मक विधाने समाविष्ट करून समतोल साधण्यात आला. सर्व विधाने एकाच दिशेची असल्यास, प्रत्येक विधानाला सहमती दर्शविण्याची काही प्रतिसादकांची प्रवृत्ती आणि त्यांची खरी भावना यांत भेद करता येत नाही.

तिसरा प्रश्न काळाचा आहे. बुद्धिमत्तेची चाचणी महिन्याच्या अंतराने दोनदा दिली असता प्राप्तांक सारखे यावेत अशी अपेक्षा असते. आपलेपणाची भावना मात्र परिस्थितीनुसार बदलते आणि बदलावी हेच तिच्या स्वरूपास धरून आहे. प्रवेशाच्या आठवड्यात, पहिल्या सत्राच्या निकालानंतर आणि स्नेहसंमेलनानंतर घेतलेली मापने भिन्न येतील. केव्हा मोजले हे नमूद न करता दिलेला आकडा अपुरा असतो.

चौथा प्रश्न सर्वांत सूक्ष्म आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका विशिष्ट विद्याशाखेत शोभतील अशा मित्रांची यादी करावयास सांगितले. काहींना दोन मित्रांची नावे विचारली, काहींना आठ मित्रांची. आठ नावे आठवणे सर्वांनाच कठीण गेले. गोऱ्या विद्यार्थ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची त्या शाखेविषयीची आपलेपणाची भावना मात्र खालावली. ज्यांना आपल्या स्थानाविषयी आधीच शंका आहे, त्यांना एक साधी अडचणही त्या शंकेचा पुरावा वाटते. या संशोधकांनी या स्थितीस आपलेपणाविषयीची अनिश्चितता असे संबोधले. यातून दोन निष्कर्ष निघतात. प्रश्न विचारणे ही तटस्थ कृती नसते. तसेच दोन विद्यार्थ्यांचे सरासरी प्राप्तांक समान असूनही त्यांपैकी एकाची भावना स्थिर आणि दुसऱ्याची दररोजच्या अनुभवागणिक हेलकावणारी असू शकते.

७. मराठीत मापनश्रेणी आणताना

वर उल्लेखिलेल्या श्रेणी इंग्रजीत आणि प्रामुख्याने अमेरिकेत तयार झाल्या. त्या मराठी विद्यार्थ्यांसाठी वापरावयाच्या असल्यास भाषांतर अपरिहार्य ठरते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली पुरस्कृत केलेली पद्धत, म्हणजे एकाने भाषांतर करणे, दुसऱ्याने ते मूळ भाषेत परत नेणे आणि दोन्ही संहितांची तुलना करणे, आपल्याकडेही रूढ आहे. या पद्धतीने शब्दांची तफावत कळते. भावछटांची तफावत कळेलच असे नाही.

प्रथम मुख्य शब्दाचाच विचार करू. आपुलकी हा शब्द जवळचा वाटतो, परंतु तो प्रामुख्याने एकाने दुसऱ्याविषयी बाळगलेल्या जिव्हाळ्याचा वाचक आहे. आपुलकीविषयी प्रश्न विचारल्यास येथील माणसे प्रेमळ आहेत का, याचे उत्तर मिळेल. मी येथील घटक आहे का, याचे मिळणार नाही. पाहुण्यालाही आपुलकी मिळते, पण पाहुणा घरचा नसतो. आपलेपणा हा शब्द अधिक व्यापक असला तरी तोही दुहेरी आहे : दुसऱ्याने दाखविलेला आपलेपणा आणि स्वतःला वाटणारा आपलेपणा. म्हणून विधानात कोणाला काय वाटते हे स्पष्ट करावे लागते.

परकेपणाच्या शब्दांतही अशीच काळजी आवश्यक आहे. मी येथे बाहेरचा आहे, या विधानाला दुसऱ्या तालुक्यातून आलेला विद्यार्थी केवळ वस्तुस्थिती म्हणून होकार देईल. उपरा हा शब्द लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनानंतर विशिष्ट सामाजिक अनुभवाशी जोडला गेला आहे; त्याची तीव्रता परका या शब्दाहून कितीतरी अधिक आहे. मूळ इंग्रजी शब्द एकच असला तरी मराठीतील प्रत्येक पर्याय वेगळ्या उंबरठ्यावर होकार मिळवील आणि प्राप्तांक त्यानुसार बदलेल.

मराठीच्या व्याकरणातून उद्भवणारा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत आम्ही आणि आपण असे दोन पर्याय असून ऐकणाऱ्याला समूहात घ्यावयाचे की वगळावयाचे, याचा निर्णय बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी करावा लागतो. आपले महाविद्यालय असे प्रश्नावलीत छापले की प्रश्न विचारणाऱ्याने प्रतिसादकाला आधीच समूहात ओढलेले असते. तुमचे महाविद्यालय असे छापले की विचारणारा स्वतः बाहेर उभा राहतो. जी भावना मोजावयाची तीच प्रश्नाच्या सर्वनामात गृहीत धरली जाते. हे टाळण्यासाठी हे महाविद्यालय किंवा संस्थेचे प्रत्यक्ष नाव वापरणे श्रेयस्कर. मात्र हीच अडचण संधीही ठरू शकते. मुलाखतीत विद्यार्थी संस्थेविषयी बोलताना आम्ही, आपण आणि ते लोक यांपैकी कोणते शब्द केव्हा वापरतो, याची नोंद हे मराठी संशोधकाच्या हाती असलेले एक नैसर्गिक साधन आहे.

लिंगभेदाचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. मी येथे परका आहे, असे पुल्लिंगी विधान विद्यार्थिनीच्या हाती देणे म्हणजे आपलेपणाच्या प्रश्नावलीतच तिला परके करणे होय. मला येथे परके वाटते, अशी रचना केल्यास हा दोष टळतो. तसेच मला येथे परके वाटत नाही या विधानास असहमत असे उत्तर देताना दुहेरी नकाराने गोंधळ होतो. म्हणून विरुद्ध दिशेची विधाने नकारार्थी क्रियापदाऐवजी विरुद्धार्थी शब्दांनी रचावीत.

८. मध्यमान आणि त्याआड राहणारे विद्यार्थी

समजा, साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच गुणांची श्रेणी वापरली. चोपन्न विद्यार्थ्यांचे मध्यमान ४.२ आणि उर्वरित सहा विद्यार्थ्यांचे २.० आले. संपूर्ण वर्गाचे मध्यमान ३.९८ येईल आणि अहवालात ते समाधानकारक म्हणून नोंदविले जाईल. त्या सहा जणांची अवस्था या आकड्यातून पूर्णतः नाहीशी होते. आपलेपणाच्या मापनात बहुसंख्यांची सरासरी हा सर्वांत कमी माहिती देणारा आकडा असतो, कारण ज्यांच्यासाठी हे मापन करावयाचे ते स्वभावतःच अल्पसंख्य असतात. म्हणून मध्यमानाबरोबर प्रमाण विचलन, प्राप्तांकांचे वितरण आणि सर्वांत खालच्या गटाचे प्रमाण देणे आवश्यक आहे.

येथे एक नैतिक पेच निर्माण होतो. हे सहा विद्यार्थी कोण आहेत हे जात, भाषा, लिंग, ग्रामीण-शहरी पार्श्वभूमी किंवा अपंगत्व यांनुसार आकडे विभागल्याशिवाय कळत नाही. आणि लहान विभागात तसे केल्यास त्यांची ओळख उघड होते. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत त्याच अध्यापकांनी प्रश्नावली भरून घेतल्यास प्रामाणिक उत्तराची अपेक्षाही करता येत नाही. यासाठी संकलनाचे काम विभागाबाहेरील व्यक्तीकडे सोपवावे, अनेक वर्गांची वा वर्षांची माहिती एकत्र करूनच उपगटांचे आकडे द्यावेत आणि अतिलहान गटांचे आकडे प्रसिद्ध करू नयेत.

भावनेबरोबर घटनाही विचारल्या पाहिजेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ साली आपला अहवाल दिला. या समितीने अध्यापकांचे साहाय्य, परीक्षा, वसतिगृह, खानावळ, क्रीडा अशा प्रत्यक्ष व्यवहारांविषयी विचारणा केली आणि वसतिगृहातील विलगीकरणासारख्या बाबी समोर आणल्या. तुम्हाला येथे आपलेपणा वाटतो का, या प्रश्नाचे उत्तर सवयीने वा संकोचाने होय असे येऊ शकते. गेल्या महिन्यात किती शिक्षकांनी तुम्हाला नावाने हाक मारली, प्रात्यक्षिकाचा गट निवडताना तुम्हाला कोणी बोलावले का, जेवताना तुमच्या शेजारी कोण बसते, या प्रश्नांची उत्तरे अधिक बोलकी असतात.

प्राप्तांक कमी आल्यास पुढे काय, हा प्रश्न उरतोच. वॉल्टन व कोहेन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या विद्यार्थ्यांना, प्रारंभीचा परकेपणा सर्वांनाच जाणवतो आणि कालांतराने तो ओसरतो, असा आशय एका लहानशा उपक्रमातून समजावून दिला होता. पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची शैक्षणिक कामगिरी सुधारल्याचे त्यात आढळले. मात्र हा अभ्यास लहान नमुन्यावर आणि एकाच संस्थेत झाला होता. २०२३ साली २२ संस्थांतील २६,९११ विद्यार्थ्यांवर झालेल्या व्यापक प्रयोगाचे निष्कर्ष अधिक सूचक आहेत. उपक्रमाचा लाभ ज्या गटांना त्यांच्या संस्थेत आपलेपणा अनुभवण्याची प्रत्यक्ष संधी होती, त्यांच्या बाबतीत दिसून आला. जेथे संस्थाच जागा देत नाही, तेथे विद्यार्थ्याला धीर देणारा संदेश पुरेसा पडत नाही.

९. समारोप

आपलेपणाची भावना मोजता येते, ही गोष्ट गेल्या तीन-चार दशकांच्या संशोधनाने सिद्ध केली आहे. गरज, भावना व एकाकीपणा यांतील भेद लक्षात घेणे, उद्दिष्टानुसार श्रेणी निवडणे, सर्वनामांपासून लिंगरूपांपर्यंत मराठीची प्रकृती सांभाळणे, मापनाचा काळ नमूद करणे आणि मध्यमानावर न थांबणे, ही या कार्याची किमान पथ्ये होत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न अर्थनिर्णयनाचा आहे. कमी प्राप्तांक आलेल्या विद्यार्थ्याला समुपदेशनासाठी पाठवून संस्था आपले कर्तव्य पार पडले असे मानू लागली, तर मापनाचा हेतूच उलटा होईल. समुपदेशन आवश्यक असेल तेथे ते अवश्य व्हावे. परंतु हॅगर्टी यांनी सांगितलेले दोन्ही घटक, म्हणजे मोलाचा सहभाग आणि जुळणी, एकट्या व्यक्तीच्या अंगी नसतात. ते व्यक्ती आणि संस्था यांच्यामध्ये घडतात. एखाद्या गटाचे प्राप्तांक वर्षानुवर्षे खालीच राहत असतील, तर तपासणी वर्गातील बैठकव्यवस्थेची, प्रात्यक्षिकांच्या गटांची, खानावळीची, अध्यापनाच्या भाषेची आणि आपल्या विनोदांचीही करावी लागेल. ज्या महाविद्यालयाची तशी तयारी नाही, त्याने प्रश्नावली न वाटणेच अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. कारण विचारूनही काही न बदलणे हा विद्यार्थ्याला मिळालेला आणखी एक नकारच असतो.